प्लेटोची वेस आणि बेसिलचे अन्नछत्र

इ.स. ३५५ च्या सुमारास अथेन्सला राजकारणात काडीची किंमत उरली नव्हती. सत्ता कॉन्स्टँटिनोपल, मिलान, अँटिऑक अशा शहरांत जाऊन बसली होती. तरी ऐपत असली की मुलाला शिकायला अथेन्सला धाडायचे, ही रीत पूर्वेकडच्या घरंदाज कुटुंबांत टिकून होती. वक्तृत्व आणि तत्त्वज्ञान शिकावे तर तिथेच. कॅपाडोशियातले दोन ख्रिस्ती तरुण, बेसिल आणि त्याचा जिवलग मित्र ग्रेगरी, त्या काळात तिथे शिकत होते. आपल्याला शहरातले दोनच रस्ते ठाऊक होते, एक चर्चचा आणि दुसरा गुरुजनांच्या घरांचा, असे ग्रेगरीने पुढे लिहून ठेवले आहे. ३५५ च्या उन्हाळ्यात तिथे आणखी एक विद्यार्थी आला. सम्राट कॉन्स्टँशियसचा हा चुलतभाऊ, ज्युलियन. लहानपणीच त्याच्या बहुतेक आप्तांची कत्तल झाली होती, पुढे ख्रिस्ती धर्मगुरूंच्या देखरेखीखाली तो वाढला होता, आणि मनाने केव्हाच जुन्या देवांकडे वळला होता. त्या बाबतीत मात्र त्याने कुणाला ताकास तूर लागू दिला नव्हता. काही महिन्यांतच त्याला दरबारातून बोलावणे आले आणि सहा वर्षांनी तो सम्राट झाला. सतत हलणारी मान, उडणारे खांदे, भिरभिरणारी नजर असे त्याचे जे वर्णन ग्रेगरीने केले आहे, ते ज्युलियनच्या मृत्यूनंतरचे आणि वैरभावाने केलेले आहे, तेव्हा त्यावर फार भिस्त ठेवायला नको. महत्त्वाचे हे की, हे सगळे तरुण एकाच होमरवर आणि एकाच प्लेटोवर पोसलेले होते. त्यांच्यात पुढे जो फरक पडला, त्याचे कारण अभ्यासक्रमात सापडणार नाही.

ग्रीक तत्त्वज्ञान आणि ख्रिस्ती धर्म यांच्या नीतिविचारात फरक कोणता, हा प्रश्न बहुधा दोन्हीकडची वचने समोरासमोर मांडून सोडवला जातो. तो मार्ग फसवा आहे, कारण वचने बरीचशी जुळतात. अन्यायाची फेड अन्यायाने करू नये, असे सॉक्रेटिस तुरुंगात क्रायटोला समजावतो. इ.स. १७८ च्या सुमारास ख्रिस्ती धर्मावर तुटून पडलेल्या केल्ससने नेमके हेच बोट ठेवले: दुसरा गाल पुढे करण्याची ही शिकवण जुनीच आहे, प्लेटोने ती अधिक चांगल्या भाषेत सांगितली आहे, तुम्ही ती गावठी करून टाकली. बेसिलनेही तरुणांसाठी लिहिलेल्या निबंधात ग्रीक वाङ्मय वाचा असा आग्रह धरताना असेच दाखले दिले. बाजारपेठेत एक माणूस दिवसभर पेरिक्लिसला शिव्या देत राहिला. अंधार पडल्यावर पेरिक्लिसने त्याला दिव्याच्या सोबतीने घरी पोचते केले. हे आपल्या शिकवणीच्या अगदी जवळचे आहे, असे बेसिल सांगतो. शत्रू आणि मित्र दोघेही वचने सारखीच आहेत म्हणत असतील, तर फरक वचनांत शोधण्यात अर्थ नाही. माझ्या मते तो एका वेगळ्याच ठिकाणी आहे: नैतिक जीवनाचा हिशेब कुणाला द्यायचा, या प्रश्नात. ग्रीक तत्त्वज्ञ तो स्वतःच्या आत्म्याला देत होता. ख्रिस्ती माणसाच्या दारात एक उपाशी माणूस येऊन उभा राहिला आणि तो हिशेब मागू लागला. ही गोष्ट धर्मग्रंथांपेक्षा ३६२ ते ३७२ या दहा वर्षांत अथेन्सच्या या जुन्या विद्यार्थ्यांनी काय केले, त्यावरून अधिक स्वच्छ दिसते.

ज्युलियन नोव्हेंबर ३६१ मध्ये एकटा सम्राट झाला आणि मंदिरे पुन्हा उघडायच्या कामाला लागला. पुढच्या वर्षी त्याने ख्रिस्ती शिक्षकांना होमर आणि हेसिअड शिकवायची बंदी केली. ज्या देवांना तुम्ही मानत नाही, त्यांची काव्ये शिकवून पोट कशाला भरता, असा त्याचा सवाल होता. (अमिआनुस हा इतिहासकार स्वतः ख्रिस्ती नव्हता आणि ज्युलियनचा चाहता होता, पण त्यालाही ही बंदी रुचली नाही.) खरी अडचण मात्र शाळांत नव्हती. आजच्या अंकाराभोवतीचा मुलूख म्हणजे तेव्हाचा गॅलेशिया. तिथला मुख्य पुजारी आर्साशियस याला ज्युलियनने लिहिलेले एक पत्र उपलब्ध आहे. देवांचे काम नीट चालत नाही याचे कारण आपणच आहोत, असे तो लिहितो. परक्यांची विचारपूस, मेलेल्यांच्या अंत्यविधीची काळजी आणि वरवरची का असेना, पण शुद्ध वागणूक, यांच्या जोरावर त्या गॅलिलीवाल्यांचा, म्हणजे ख्रिस्ती लोकांचा, पंथ फोफावला. ज्यूंपैकी कुणाला भीक मागावी लागत नाही, आणि हे गॅलिलीवाले तर आपल्या गरिबांबरोबर आमचेही गरीब पोसतात. आमच्या लोकांना आमच्याकडून मदत मिळत नाही, ही लाजेची गोष्ट आहे. मग आज्ञा: गावोगावी धर्मशाळा उभारा. त्यासाठी दरसाल ३०,००० मोदियस गहू, म्हणजे आजच्या मापाने सुमारे २०० टन, आणि ६०,००० मापे मद्य मंजूर. त्यातला पाचवा हिस्सा पुजाऱ्यांच्या सेवेतल्या गरिबांना, बाकीचे सारे परक्यांना आणि भिकाऱ्यांना. पुजाऱ्यांनी नाटकगृहात जाऊ नये, गुत्त्यात बसून पिऊ नये, अशी ताकीदही आहे. एरवी पत्रापत्रांतून तत्त्वज्ञान उधळणारा हा सम्राट इथे अगदी कोठारावरच्या कारकुनासारखा बोलतो.

हे पत्र फक्त पाचव्या शतकातल्या सोझोमेन या ख्रिस्ती इतिहासकारामुळे टिकले, म्हणून काही आधुनिक संशोधकांनी ते बनावट असावे अशी शंका घेतली आहे. शत्रूच्या तोंडून स्वतःची स्तुती वदवून घेणे इतिहासकाराला सोयीचे असते, तेव्हा शंका अगदीच हवेतली नाही. पण हे पत्र बाजूला ठेवले तरी मुद्दा पडत नाही. एका पुजाऱ्याला लिहिलेल्या ज्युलियनच्या दुसऱ्या, लांबलचक पत्राचा मोठा तुकडा उरला आहे आणि त्यात हेच सारे आहे. पुजाऱ्यांनी गरिबांकडे पाठ फिरवली, हे हेरून गॅलिलीवाल्यांनी दानधर्म हाती घेतला, असे तो तिथेही म्हणतो; पोरांना खाऊचे आमिष दाखवत जहाजापर्यंत न्यायचे आणि पुढे गुलाम म्हणून विकायचे, तसा हा प्रकार असल्याचे त्याचे मत. त्यावरचा त्याचा इलाज मात्र तोच: अन्न-वस्त्र दुष्टालाही द्यावे, कैद्यांचीही काळजी घ्यावी, कारण आपण देतो ते माणसाला, त्याच्या वर्तणुकीला नव्हे. हे वाक्य त्याने हवेतून काढलेले नाही. एका नालायक माणसाला भीक घातल्याबद्दल ॲरिस्टॉटलला कुणी बोलले, तेव्हा त्याने जवळजवळ याच शब्दांत उत्तर दिले होते, अशी आठवण डायोजेनिस लेअर्टियसने नोंदवली आहे. तेव्हा ग्रीकांना हा विचार सुचलाच नव्हता, असे म्हणता येणार नाही. तो होता कुठे ते मात्र पाहावे लागते. ॲरिस्टॉटलच्या नीतिशास्त्राच्या दहा भागांत तो नाही. तत्त्वज्ञांच्या चरित्रातल्या हजरजबाबी किश्श्यांत तो पडून होता. आर्साशियसच्या पत्रात आधार हवा होता तेव्हाही ज्युलियनने प्लेटो काढला नाही. त्याने होमर काढला: भिकाऱ्याच्या वेशातल्या ओडिसियसला झोपडीत घेणारा, परका आणि भिकारी झ्यूसकडूनच येतात असे म्हणणारा डुकरे राखणारा युमीअस. प्लेटोवर जीव टाकणाऱ्या माणसाला गरिबांसाठी धर्मशाळा बांधायची झाली, तेव्हा साक्षीला एक गुलाम उभा करावा लागला.

प्लेटोकडे साक्ष नव्हती, कारण तो उलट बाजूचा साक्षीदार आहे. ‘नियम’ या आपल्या उतारवयातल्या संवादात त्याने आदर्श नगराचे कायदे तपशीलवार लिहिले आहेत. अकराव्या भागात भिकाऱ्यांचा विषय येतो. नुसता उपाशी आहे म्हणून कुणी दयेला पात्र होत नाही. संयमी, सद्गुणी असूनही ज्याच्यावर वाईट वेळ आली, तो पात्र. असा सज्जन माणूस बऱ्या राज्यात अगदी वाऱ्यावर सोडला जाणार नाही. म्हणून नगरात भिकारी नकोच. कुणी मागताना दिसला तर बाजारावरच्या अधिकाऱ्याने त्याला बाजारातून काढावे, नगरावरच्या अधिकाऱ्याने नगरातून, आणि शेतमुलखावरच्या अधिकाऱ्याने थेट सरहद्दीपलीकडे घालवावे, म्हणजे मुलूख त्या प्राण्यापासून साफ राहील. प्लेटोला निर्दय ठरवण्यासाठी हे सांगत नाही. त्याच्या नगरात जमीन वाटून दिलेली आहे, संपत्तीला वरची आणि खालची मर्यादा आहे. व्यवस्था नीट असेल तर भीक मागायची पाळी येणारच नाही, असा त्याचा विचार आहे, आणि दानापेक्षा न्याय बरा, हा युक्तिवाद आजही ऐकू येतो. पण त्या युक्तिवादात एक फट आहे. व्यवस्था बिघडली, तर सरहद्दीबाहेर घातलेल्या माणसाला विचारण्यासारखा एकही प्रश्न प्लेटोकडे उरत नाही.

ॲरिस्टॉटल नगराकडून व्यक्तीकडे येतो. सद्गुण सवयीने लागतात, वाद्य वाजवत वाजवत वादक घडतो तसा न्यायाने वागत वागत माणूस न्यायी होतो, हे त्याचे निरीक्षण इतके पक्के आहे की ख्रिस्ती मठांनी ते जवळजवळ जसेच्या तसे उचलले. त्याचा उदार मनाचा थोर पुरुष पाहण्यासारखा आहे: चाल संथ, आवाज खोल, बोलणे ठाम. त्याला उपकार करायला आवडते, घ्यायची लाज वाटते. केलेले त्याच्या लक्षात राहते, घेतलेले राहत नाही. दान कुणाला, किती, केव्हा द्यायचे याचेही माप आहे, आणि ते माप देणाऱ्याचे चारित्र्य सुबक राहावे म्हणून आहे. घेणारा त्या चित्रात आहे, पण चौकटीच्या कडेला. शिवाय सुखी जीवनाला कुळ, मुलेबाळे, थोडे रूपही लागते, हे ॲरिस्टॉटल आडपडदा न ठेवता सांगतो. यात प्रामाणिकपणा आहे, आणि हीन कुळात, गरिबीत जन्मलेल्या माणसाला बाहेर ठेवणारी भिंतही आहे.

यावर पहिला आक्षेप असा येईल की ग्रीक जग दानशूरांनी भरलेले होते. खरेच होते. दुसऱ्या शतकात हेरोडिस ॲटिकस या अथेन्सच्या धनाढ्य वक्त्याने शहराला संगमरवरी क्रीडांगण दिले, ॲक्रोपोलिसच्या उतारावर संगीतगृह बांधून दिले. आशिया मायनरमधली शहरे स्नानगृहे, नाटकगृहे आणि धान्यवाटपाच्या शिलालेखांनी गच्च आहेत. हे शिलालेख नीट वाचले की वाटपाची तऱ्हा कळते. सिलिऑन या गावी मेनोडोरा नावाच्या श्रीमंत बाईने केलेल्या वाटपाची प्रतवारी दगडावर कोरली आहे: नगरसभेच्या सदस्यांना सर्वांत जास्त, मग उतरत्या क्रमाने, आणि मुक्त केलेल्या गुलामांना सर्वांत कमी. ज्याला गरज अधिक, त्याच्या वाट्याला कमी. याला ढोंग म्हणणे अन्यायाचे होईल. हे दान नगराला होते, नगरवासी म्हणून होते. उपाशी माणूस म्हणून कुणाला काही द्यायचे, हा प्रवर्गच त्यात नव्हता.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे, आणि तो स्टोइकांचा. सगळी माणसे एका विश्वनगराची नागरिक, गुलामही माणूसच, हे ख्रिस्ती धर्माच्या आधीपासून तेच सांगत होते. सेनेका रोमन असला तरी विचार ग्रीक स्टोइकांचाच मांडतो. नीरोसाठी लिहिलेल्या क्षमाशीलतेवरच्या ग्रंथात तो म्हणतो की, शहाणा माणूस बुडत्याला हात देईल, परागंदा झालेल्याला आसरा देईल, गरजूला पैसा देईल, पण कळवळणार नाही. कळवळा हा मनाचा दुबळेपणा. एपिक्टेटस तर स्वतः गुलाम म्हणून जगलेला. त्याच्या शिकवणीचे जे छोटे हस्तपुस्तक शिष्य एरियनने तयार केले, त्यात सल्ला आहे: कुणी रडत असेल तर त्याच्यासोबत बाहेरून उसासे टाकायलाही हरकत नाही, आतून मात्र टाकू नका. हा सल्ला कोडगेपणाचा नाही. दुसऱ्याच्या दुःखात वाहून गेलेला माणूस त्याच्या कामाचा राहत नाही, हे कोणतीही परिचारिका सांगेल. तरीही कोणाचे काय राखायचे आहे ते इथे उघड होते. राखायची आहे ती मदत करणाऱ्याची शांती. रडणारा माणूस हा त्या शांतीच्या परीक्षेचा एक प्रसंग आहे.

या सगळ्याच्या मुळाशी आणखी एक धागा आहे. कुणीही जाणूनबुजून वाईट करत नाही, चूक म्हणजे अज्ञान, हे सॉक्रेटिसचे मत ग्रीक विचाराचा कणा होऊन राहिले. युरिपिडिसच्या मिडियाला आपण काय करतो आहोत हे कळत होते आणि तरी तिने मुलांना मारले, हे ग्रीकांनी इ.स.पू. ४३१ मध्येच रंगमंचावर पाहिले होते. ॲरिस्टॉटलनेही कळते पण वळत नाही या अवस्थेवर नीतिशास्त्राच्या एका भागाचा मोठा हिस्सा खर्च केला. पण ती त्यांना गुंतागुंतीची अपवादात्मक अडचण वाटली. ख्रिस्ती धर्माने, पॉलच्या पत्रांपासूनच, तिलाच नियम मानले. ख्रिस्ती विचारवंत ऑगस्टीनने आत्मवृत्तात सोळाव्या वर्षी मित्रांसोबत केलेली नासपतींची चोरी रंगवून सांगितली आहे: फळे काही फार चांगली नव्हती, भूक नव्हती, बहुतेक डुकरांपुढे टाकली, चोरीची मजा एवढेच कारण. चूक अज्ञानामुळे होत असेल तर औषध शाळेत मिळते, आणि अथेन्सची शाळा स्वस्त नव्हती. चूक इच्छेतच असेल तर अथेन्सला शिकलेला आणि अक्षरशत्रू मोळीविक्या एकाच रांगेत येतात. ही रांग केल्ससला किळसवाणी वाटली. लोकर पिंजणारे, चांभार, परीट असल्या लोकांनी घराघरांत नीती शिकवावी? इतर पंथ शुद्ध हातांच्या माणसांना बोलावतात, हे पापी लोकांना बोलावतात! यावर ख्रिस्ती विद्वान ओरिजेनने सुमारे सत्तर वर्षांनी दिलेले उत्तर झणझणीत आहे: तेच सकस अन्न श्रीमंतांच्या जिभेसाठी मसाले घालून रांधता येते, आणि कष्टकऱ्यांना पचेल असेही रांधता येते, प्लेटोचे ताट थोड्यांपुरते आहे. प्लेटो विद्वानांच्याच हाती दिसतो, एपिक्टेटस मात्र साध्या लोकांनाही आवडतो, हे मान्य करण्याइतका तो सरळ होता. गेलेनसारख्या ग्रीक वैद्याचीही एक नोंद अरबी अनुवादातून उरली आहे: हे ख्रिस्ती लोक युक्तिवाद समजू शकत नाहीत, दृष्टांतांवर विसंबतात, तरी मरणाबद्दलची बेपर्वाई आणि खाण्यापिण्यातला संयम यांत काही जण खऱ्या तत्त्वज्ञांहून कमी नाहीत. गेलेनला हे कोडे वाटले. तत्त्वज्ञानाचे फळ शाळेशिवाय कसे आले?

आता बेसिल. अथेन्सहून परतल्यावर त्याने काही दिवस वक्तृत्व शिकवले, मग संन्यासाकडे वळला. ३६९ च्या सुमारास कॅपाडोशियात भीषण दुष्काळ पडला. हिवाळ्यात ना पाऊस ना बर्फ, जमिनीला भेगा, नद्यांची पात्रे पायी ओलांडण्यासारखी. हा मुलूख समुद्रापासून लांब; डोंगरी रस्त्यांनी बैलगाडीतून धान्य आणणे परवडणारे नव्हते, त्यामुळे ज्यांची कोठारे भरलेली, त्यांच्या हाती गळफासाची दोरी. त्या काळात सीझरियात, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातल्या कायसेरी शहरात, बेसिलने दिलेली प्रवचने उरली आहेत. एका प्रवचनात तो कर्जात आणि उपासमारीत सापडलेल्या बापाला बाजारात नेऊन उभा करतो. घरात विकण्याजोगे काही उरलेले नाही. उरली आहेत ती मुले. कोणते विकायचे? थोरले विकावे तर त्याच्या जन्माचा मान आड येतो, धाकटे विकावे तर त्याला काही कळतही नाही म्हणून पोटात तुटते. एकात आईबापाचा चेहरा उतरला आहे, दुसरा शिकायला हुशार आहे. सगळे ठेवले तर सगळेच मरणार, आणि एक विकले तर उरलेल्यांच्या डोळ्यांना डोळा कसा देणार. रडत रडत तो एकाला घेऊन निघतो, आणि गिऱ्हाईक घासाघीस करत बसते. मग बेसिल कोठारवाल्यांकडे वळतो. तुझ्या घरातली ती भाकरी भुकेल्याची आहे, पेटीतला तो अंगरखा उघड्याचा आहे, सडणारे जोडे अनवाणी माणसाचे आहेत. नेसलेल्याचे कपडे काढणारा चोर, तर नागव्याला नेसवू शकत असून न नेसवणारा कोण?

या प्रवचनाची कारागिरी पूर्णपणे अथेन्सची आहे. काल्पनिक प्रसंग उभा करून त्यात पात्राला बोलते करणे हा ग्रीक वक्तृत्वशाळेचा नेहमीचा सराव होता. नवीन आहे ती कोन बदलण्याची गोष्ट. ॲरिस्टॉटलच्या नीतिशास्त्रात ज्याला फक्त दान घेणारा म्हणून जागा होती, तो बाप इथे मधोमध आहे, आणि कोठारवाला त्याचे देणे लागतो. बेसिल नुसता बोलून थांबला नाही. ग्रेगरी सांगतो की त्याने भुकेल्यांना, बायका-मुले-म्हातारे सगळ्यांना एकत्र केले, कडधान्याच्या आमटीच्या कढया आणि खारवलेले पदार्थ मांडले, आणि स्वतः हातांनी वाढले. ३७० मध्ये तो सीझरियाचा बिशप झाला आणि शहराबाहेर त्याने एक वसाहतच उभी केली. ३७२ च्या सुमारास प्रांताधिकारी एलियसकडे कुणी तक्रारी केल्या, तेव्हा बेसिलने त्याला लिहिलेल्या पत्रात या वसाहतीचा तपशील आहे: प्रवाशांसाठी खोल्या, आजाऱ्यांसाठी सेवेकरी आणि वैद्य, ओझ्याची जनावरे, सोबती, आणि या सगळ्याला लागणाऱ्या कारागिरांच्या जागा. ग्रेगरी तिला नवे शहर म्हणतो. गावाबाहेर हाकललेले महारोगी तिथे होते, आणि बेसिल त्यांना मिठी मारायला कचरत नव्हता. दहा वर्षांपूर्वी ज्युलियनला हवी होती तीच ही धर्मशाळा. ज्युलियनला मात्र वेळ मिळाला नाही. २६ जून ३६३ रोजी इराणच्या मोहिमेत भाल्याने जखमी होऊन तो मेला. वेळ मिळाला असता तरी गॅलेशियाच्या पुजाऱ्यांनी काय केले असते कोण जाणे. गहू सम्राट देऊ शकत होता. उपाशी माणसाचे देणे आपल्या डोक्यावर आहे असे वाटायला लावणारी कथा त्याच्या पंथाकडे तयार नव्हती.

इथे ख्रिस्ती बाजूवरचे आक्षेप घ्यायला हवेत, आणि ते हलके नाहीत. एक तर ही कल्पना त्यांची स्वतःची नव्हे. शेताचे कोपरे कापायचे नाहीत, ते गरिबासाठी आणि परक्यासाठी सोडायचे, हा नियम ज्यूंच्या धर्मशास्त्रात कितीतरी आधी होता. ज्यूंमध्ये भिकारी नाहीत हे ज्युलियनने उगाच लिहिले नव्हते. ख्रिस्ती धर्माने ती ग्रीक भाषेत आणि ग्रीक शहरांत आणली, एवढेच श्रेय त्याचे. दुसरे असे की, हे दान स्वर्गाच्या व्याजावर चालते. बेसिल खुशाल सांगतो की गरिबाला देणे म्हणजे देवाला कर्ज देणे. प्लेटोच्या ‘रिपब्लिक’मध्ये ग्लॉकॉन माणसाला अदृश्य करणारी अंगठी पुढे करतो आणि विचारतो, कुणी पाहणार नसेल, बक्षीसही नसेल, तरी न्यायाने वागाल का? या प्रश्नाला होय म्हणण्याची हिंमत ग्रीकांनी अधिक दाखवली, हे मला निखालस मान्य आहे. हेतूची शुद्धता हे माप असेल तर एपिक्टेटस बेसिलला मागे टाकतो. पण हेतूची शुद्धता हे माप देणाऱ्याच्या बाजूचे आहे. कढईसमोर उभ्या असलेल्या माणसाच्या बाजूने पाहिले तर आमटी पोचली की नाही, हे माप येते.

तिसरा आक्षेप सर्वांत बोचरा. याच सीझरियातल्या ख्रिस्ती जमावाने ज्युलियनच्या कारकिर्दीत भाग्यदेवतेचे मंदिर पाडले. संतापून ज्युलियनने शहराचा दर्जाच काढून घेतला. महारोग्याला कवटाळणारा आणि शेजाऱ्याचे देऊळ फोडणारा समाज एकच होता. ४१५ मध्ये अलेक्झांड्रियात ख्रिस्ती जमावाने हायपेशिया या तत्त्वज्ञ बाईची हत्या केली. उपाशी माणसाला हिशेबात घेणाऱ्या नीतीने वेगळ्या देवाच्या माणसाला हिशेबाबाहेर टाकले, आणि सम्राटांची साथ मिळाल्यावर तर फारच सहज टाकले. गुलामगिरीचेही तसेच. बेसिलचा धाकटा भाऊ, निसाचा ग्रेगरी, याने ३८० च्या आसपास एका प्रवचनात गुलामगिरीवर सरळ हल्ला केला: देवाची प्रतिमा असलेल्या माणसाला तू कोणत्या किमतीला विकत घेतलेस, पावतीवर कितीचा आकडा लिहिलास? ग्रीक किंवा रोमन वाङ्मयात याइतके थेट बोलणे सापडत नाही. त्यानंतर काय झाले? काहीच नाही. चर्चच्या जमिनींवर गुलाम राबत राहिले. तरी त्या प्रवचनातला युक्तिवाद पाहण्यासारखा आहे. गुलामही माणूसच आहे, म्हणून मालकाने त्याला नीट वागवावे, असे सेनेका आपल्या पत्रात सुचवतो. निसाचा ग्रेगरी मालकाला बाजूला सारून विकल्या गेलेल्या माणसाची बाजू घेतो. बदल अंमलात आला नाही, पण प्रश्न विचारण्याची जागा बदलली होती, आणि माझा दावा तेवढाच आहे.

दुसऱ्या टोकाला, स्वतःच्या मनाची मशागत हा जो भाग ग्रीकांनी सर्वांत उत्तम केला होता, त्यात ख्रिस्ती जगाने फारशी ढवळाढवळ केलीच नाही. ५२९ मध्ये सम्राट जस्टिनियनने अथेन्समध्ये तत्त्वज्ञान शिकवायला बंदी घातली आणि काही तत्त्वज्ञ इराणच्या दरबारात गेले. त्यांच्यातल्या सिंप्लिशियसने एपिक्टेटसच्या हस्तपुस्तकावर विस्तृत भाष्य लिहिले. ते हस्तपुस्तक शाळा बंद झाल्यावरही वाचले जात राहिले, आणि तेही मठांमध्ये. ख्रिस्ती संन्याशांसाठी त्याच्या निदान तीन वेगवेगळ्या आवृत्त्या तयार झाल्या. कशावर राग धरायचा नाही, काय आपल्या हातात आहे आणि काय नाही, लोक काय म्हणतील याची फिकीर का करायची नाही, हा मजकूर बराचसा तसाच ठेवला गेला. नक्कल करणाऱ्यांनी ‘देव’ या अनेकवचनाचे एकवचन केले, आणि एका आवृत्तीत सॉक्रेटिसचे नाव खोडून त्या जागी पॉलचे घातले.